चूलबंद आवतन

मुलांनो, तुमचे बाबा जन्मले त्या वर्षी देव आपलं ऐकतो यावरचा माझा विश्वास जवळजवळ संपला होता. प्रार्थना मी रोज करत होते, पण केस विंचरावेत तशी, सवयीने. बाबांच्या आधी मला दोन मुलं झाली आणि दोन्ही पाळण्यातच गेली, हे तुम्हाला कुणी फारसं सांगितलं नसेल. आधी मुलगी, मग मुलगा. माझी आई मी लहान असतानाच वारली होती, त्यामुळे बाळंतपणं माहेरी न होता सासरच्या गावी झाली. पेडगाव स्टेशनवर उतरून बैलगाडीने जावं लागे असं ते लहानसं गाव. दोन्ही लेकरं तिथल्याच मातीत आहेत. तिसऱ्या खेपेला तुमचे बाबा झाले आणि काही महिन्यांतच त्यांनाही ताप भरला. तो उतरेना तेव्हा मी देवाशी बोलणंच सोडलं. मला वाटलं, दोनदा मागून पाहिलं, आता कशाला तोंड उघडायचं?

ताप एका सकाळी उतरला. बाळाने माझ्याकडे पाहिलं आणि दूध मागितलं. खरं तर मी तेव्हाच गुडघे टेकायला हवे होते, पण मला आनंद करायचीही भीती वाटत होती. आनंद केलेला कुणाच्या तरी लक्षात येईल आणि तो परत नेला जाईल, असं काहीतरी मनात होतं. आत्याबाईंना मात्र तसली भीती नव्हती. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, तुमच्या पणजी. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणत. त्यांनी नातवाच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि तिथल्या तिथे जाहीर केलं, "लेकराचा बाप्तिस्मा गावातच करायचा. वस्तीसमोर. आन् आवतन मी देनार."

आम्ही तेव्हा सेलूला राहत होतो. तुमचे आजोबा तिथल्या सरकारी शाळेत शिक्षक होते. निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. शाळा उर्दूतून मराठीत आली होती आणि आजोबा रात्री बसून स्वतःच मराठी व्याकरण पाठ करत. धान्यावर नियंत्रण होतं, हवं तेव्हा हवं तेवढं बाजारात मिळत नसे. अशा दिवसांत गावी जाऊन जेवण घालायचं म्हणजे सोपं काम नव्हतं. पण नियोजन हा माझा प्रांत होता. हैदराबादला मुलींच्या बोर्डिंगमध्ये मी इंग्रजी शिकले तशी व्यवस्थाही शिकले होते. बक्षीस समारंभ असो की नाताळ, कोण कुठे बसेल, पाणी कुठून येईल, पाऊस आला तर काय, हे सगळं बाई माझ्यावर सोपवत. म्हणून आत्याबाईंनी दिवस सांगितला तशी मी कामाला लागले. विचार करायला काम मिळालं की माणसाला रडायला वेळ राहत नाही, हाही त्यातला एक फायदा.

आमच्या भागात जेवणाचं आवतन दोन तऱ्हेचं असे. एक घरटी एका माणसाचं, म्हणजे प्रत्येक घरातून एक जण येऊन जेवून जाई. दुसरं चूलबंद. चूलबंद आवतन मिळालेल्या घरात त्या दिवशी चूल पेटवायचीच नाही. म्हातारेकोतारे, तान्ही लेकरं, आलेला पाहुणा, सगळ्यांनी यजमानाकडे जेवायचं. त्या घराच्या दिवसभराच्या भुकेचा भार आवतन देणाऱ्यावर. ते देण्याची ऐपत गावात मोजक्या लोकांची, आणि आम्ही त्यांत नव्हतो. म्हणून मी घरटी एक माणूस धरला, शिवाय आसपासच्या खेड्यांतून येणारी ख्रिस्ती कुटुंबं धरली, आणि साठ-सत्तर पानांचा हिशेब बांधला. पुऱ्या, वांग्याची भाजी, वरण, आणि सेलूच्या हलवायाकडून बुंदी. आमच्या हातचं शिजलेलं पाटलाच्या घरी चालत नसे, त्यांच्यासाठी कोरडा शिधा वेगळा बांधला. तो त्यांनी ठेवून घेतला आणि त्या बाबतीत आणखी काही घडलं नाही. भांडी मी सेलूहून आणली, कारण गावाची मोठी भांडी देवळात असत आणि गावकुसाबाहेरच्या आमच्या वस्तीला ती मिळत नसत. त्या सगळ्या आखणीत मला आजही काही चुकलेलं दिसत नाही. जेवायला किती माणसं येणार हे विचारणारी बाई मी तेव्हाही होते आणि आताही आहे.

आत्याबाई चार दिवस आधीच गावी गेल्या आणि दारोदार आवतन देऊन आल्या. आम्ही बाळाला घेऊन आदल्या संध्याकाळी पोचलो. त्यांनी मला काही सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही आहे हेच माझ्या ध्यानात आलं नाही.

बाप्तिस्म्याच्या सकाळी मी अंगणात भाजी निवडत बसले होते. माघ महिना, हवा थंड. एवढ्या सकाळी वस्तीवर छपरांमधून धुराची दाट चादर असते, डोळे चुरचुरतात. त्या दिवशी माझे डोळे चुरचुरत नव्हते. मी मान वर करून पाहिलं तर आकाश स्वच्छ. शेजारच्या सारजाबाईंच्या छपरातून धूर नाही. त्यांच्या पलीकडे नाही. वस्तीच्या त्या टोकापर्यंत एकाही घरातून धूर नाही. हातातलं वांगं खाली ठेवून मी उठले.

"आत्याबाई," मी आत जाऊन विचारलं, "तुम्ही आवतन काय म्हणून दिलं?"

त्या बाळाला तेल लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "चूलबंद."

"सगळ्या वस्तीला?"

"मंग काय निम्म्या वस्तीला देऊ?"

मी त्यांना सांगितलं की आपल्याकडे साठ-सत्तर माणसांचं सामान आहे आणि वस्तीवर त्याच्या चौपट तोंडं असतील. सकाळची गाडी गेली आहे, सेलूहून काही आणायचं तर संध्याकाळ होईल. माझा आवाज चढला असावा, कारण आजोबा दारात येऊन उभे राहिले. आत्याबाईंनी बाळाला उलटं करून पाठीला तेल चोळलं आणि शांतपणे बोलल्या.

"तुमच्या विंग्रजीत मानसं मोजून बोलवत असतील, बाई. मला मोजता येत न्हाई. पर मला यवढं ठावं हाय की तुजी पोरगी गेली तवा या वस्तीत एका बी घरानं चूल पेटवली न्हाई. पोरगा गेला तवा बी न्हाई. लेकरांना उपाशी ठिवलं, पर चूल पेटवली न्हाई. कुनी आवतन दिलं हुतं का त्यांना? आन् माती दिल्यावर कडू घास म्हनून आल्या त्या सारजीच्या घरच्या भाकरी तूच खाल्ल्यास. दोनदा आपल्या मढ्यासाठी चुली बंद ठिवल्या त्यांनी. आता लेकरू जगलं, तर गोडासाठी येकदा बंद ठिवायला सांगू नगं?"

कडू घास म्हणजे मयत झालेल्या घरी शेजाऱ्यांनी नेऊन दिलेली भाकरी. त्या घरात चूल पेटत नाही, म्हणून दुसऱ्याच्या चुलीवरचं त्यांच्या तोंडात घालायचं. मी तो दोनदा खाल्ला होता. खाताना तो कुणी आणला, त्याच्या घरी मागे काही उरलं का, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दुःखात तसं येतही नाही. आत्याबाईंच्या मात्र ते सगळं लक्षात होतं, आणि त्यांच्या हिशेबात आजचं जेवण म्हणजे त्याची परतफेड नव्हती. त्यांना एवढंच वाटत होतं की ज्यांनी दुःखात आपल्याला सोडलं नाही त्यांना सुखात दाराबाहेर ठेवायचं नाही, एकालाही नाही.

त्यांचं म्हणणं मला पटलं. पण पटल्याने पीठ वाढत नाही. दुपार झाली की वस्तीतली प्रत्येक आई लेकराला घेऊन आमच्या दारात उभी राहणार होती, आणि तिच्या घरी राखेखेरीज काही नसणार होतं. आजोबा म्हणाले, पाटलाकडे धान्य उसनं मागतो. आत्याबाई म्हणाल्या, "पाटलाचं धान्य आनून त्यांना घालायचं व्हय? त्यांच्याच शेतात राबून पिकवलेलं?" मी धीर करून सुचवलं की शेजारणींकडूनच थोडं थोडं पीठ घेऊ, त्या नाही म्हणणार नाहीत. त्यावर आत्याबाईंच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा भीती पाहिली. "आवतन दिऊन पीठ मागायचं? बाई, त्यापरास मला गाडून टाक."

मी घरामागे जाऊन उभी राहिले. बोर्डिंगमध्ये शिकलेली एकही व्यवस्था मला उपयोगी पडत नव्हती. मी बऱ्याच महिन्यांनी देवाशी बोलले, आणि चांगलं बोलले नाही. मी म्हटलं, "मला तुझ्याकडून काही मागायचं नव्हतं. पण या बाईला आज तिच्या माणसांसमोर खाली पाहायला लावू नकोस." एवढंच. आमेन म्हणायचंही राहिलं.

मी परत अंगणात आले तर वस्तीच्या कडेच्या लिंबाखाली एक बैलगाडी थांबली होती. गाडीत मोठमोठ्या तांब्याच्या देगा उपड्या घातलेल्या. एक बैल पाय उचलून धरत होता. गाडीवान पन्नाशीचा, डोक्याला उपरणं गुंडाळलेला, खाली उतरून हात जोडून उभा. परभणीच्या उरुसाला देगा भाड्याने देऊन तो सेलूकडे परत निघाला होता. नाव महेबूब. निजामाचं राज्य गेलं तेव्हा झालेल्या लुटी-मारहाणीमुळे मुसलमानांना त्या दिवसांत अनोळखी वस्तीत थांबायची धास्ती वाटे, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तो गाडीपासून दूर सरकत नव्हता.

"माँ, बैल लंगडायला लगा. थोडी देर छाँव में खडा करूं क्या?"

आत्याबाई बाळाला कडेवर घेऊन पुढे गेल्या. "कर की. आन् बस. जेवून जा."

"नै नै माँ. हमना कौन बुलाया? बिन दावत के कैसा बैठना?"

"आज तुजी चूल पेटली का?"

तो गोंधळला. "चूल्हा? चूल्हा तो सेलू में है, माँ. हम रस्ते पे."

"मंग झालं. आज ज्याची चूल पेटली न्हाई त्याला आवतन हाय."

मी कपाळाला हात लावला. आधीच अन्न पुरत नव्हतं, त्यात देवाने आणखी एक पाहुणा पाठवला होता. पण महेबूबने आमची भांडी पाहिली, वस्तीतली घरं पाहिली, आणि हसला. "इत्ते लोगां और इत्तेसे बर्तन? माँ, मेरे देगां खालीच जा रे. उतारूं?" आणि होकाराची वाट न पाहता तो आणि आजोबा देगा उतरवू लागले.

वस्तीतल्या बायका जमा झाल्या. एका नव्या सुनेने हळूच विचारलं, उरुसात यात मटण शिजलं असेल ना? सारजाबाईंनी तिला कोपराने ढोसलं. "लय राखेनं घासू नगा गं! वास तरी राहू द्या, तेवढाच नशिबाला!" सगळ्या खो खो हसल्या. महेबूबही पाठ फिरवून हसला. मग त्याच बायकांनी देगा राखेने घासून लख्ख केल्या, अंगणात दगडांच्या तीन मोठ्या चुली मांडल्या आणि आत्याबाईंनी हुकूम सोडला, "पानी ठिवा."

वस्तीच्या विहिरीवरून घागरी आल्या. लाकडं पेटली. मी आत्याबाईंना बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "यात घालायचं काय?"

"पानी उकळाया येळ लागतोय का न्हाई?"

"लागतो."

"तवर बगू."

परभणीचे पाद्रीसाहेब पेडगाव स्टेशनवरून बैलगाडीत आले तेव्हा अंगणातल्या देगांतून वाफ निघू लागली होती आणि आत पाण्याखेरीज काही नव्हतं. आसपासच्या खेड्यांतली आमची ख्रिस्ती माणसंही पोचली. लिंबाखाली उपासना सुरू झाली. ख्रिस्ती माणसं पुढे बसली, बाकीची वस्ती मागे, आणि महेबूब आपल्या बैलाजवळ. पाद्रीसाहेबांनी बाळाच्या डोक्यावर पाणी घातलं, त्याने कचकचून रडायला सुरुवात केली आणि मागून कुणीतरी ओरडलं, "रड बाबा, रड! तुजा आवाज ऐकायलाच आलोत!" खरंच, आधीची दोन लेकरं रडायची थांबली तेव्हाच वस्तीला कळलं होतं.

मग अर्पणाची वेळ आली. आमच्या खेड्यापाड्यांतल्या ख्रिस्ती बायका पैसे क्वचितच देत. रोज स्वयंपाकाला बसताना त्या एक मूठ धान्य बाजूला, गाडग्यात टाकून ठेवत. ते देवाचं. उपासनेला येताना ते गाडगं घेऊन यायचं आणि पाद्रीसाहेबांपुढच्या चादरीवर ओतायचं. त्या दिवशीही चार-सहा बायका उठल्या आणि आपापली गाडगी रिकामी करून बसल्या. ज्वारी, थोडी तूर, थोडे मूग. लहानसा ढीग झाला. मी तो रोजच्या सवयीने पाहत होते, माझ्या डोक्यात फक्त उकळणारं पाणी होतं.

पण मागे कुजबुज सुरू झाली. वस्तीतल्या बायकांनी बाप्तिस्मा कधी पाहिलेला नव्हता. त्यांना वाटलं, ख्रिस्ती माणसांत बारशाची रीतच अशी असावी, की लेकराला नाव दिलं की दाणे घालायचे. त्यांच्याकडे बारशाला ओटी भरतात, कुंची शिवतात. इथे तर धान्य ओतायलेत. सारजाबाई ताडकन उठल्या. "आगं बायांनो, रिकाम्या हातानं बसलोत की आपन! लेकराची रीत करायची ऱ्हायली!" आणि पदर खोचून त्या घराकडे धावल्या. मागोमाग दुसऱ्या. पाद्रीसाहेब बोलता बोलता थांबले. आजोबा उठून काही सांगायला निघाले तर पाद्रीसाहेबांनी हाताने त्यांना खाली बसवलं.

बायका परत आल्या त्या सूप, टोपली, पदर, जे मिळेल ते भरून. मुलांनो, हे नीट लक्षात घ्या, कारण मी हे पुष्कळदा मनाशी घोळवलं आहे. एरवी हातावर पोट असलेल्या त्या घरांत द्यायला काही नसतं. सकाळी जे असतं ते सकाळीच दळलं जातं आणि दुपारपर्यंत संपतं. पण त्या दिवशी चुली बंद होत्या. दिवसाचं धान्य घराघरांत तसंच पडून होतं. आत्याबाईंच्या चूलबंद आवतनाने ते तिथे राखून ठेवलं होतं. एकेक बाई येई, बाळाच्या पायाला हात लावी आणि चादरीवर ओती. ज्वारीचा ढीग चादरीबाहेर गेला. दुसरी चादर आणली. कुणी दोन कांदे ठेवले, कुणी मिरच्या. एका म्हातारीने मुठीत फक्त मीठ आणलं होतं. कुणालाच कुणी मागितलं नव्हतं. मागायचं नाही, ही तर आत्याबाईंची अट होती.

पाद्रीसाहेबांनी त्या ढिगाकडे पाहिलं. मग अंगणातल्या देगांकडे पाहिलं. त्यांना आमची अडचण कुणीही सांगितलेली नव्हती, याची मी नंतर आजोबांकडून खात्री करून घेतली. ते थोडं हसले आणि म्हणाले, "हे प्रभूपुढे ठेवलेलं आहे. मी ते परभणीला नेणार नाही. प्रभूची पंगत आज इथेच आहे, आणि पाणीही उकळलेलं दिसतंय."

आत्याबाईंनी डोळ्यांना पदर लावला. क्षणभरच. मग म्हणाल्या, "उठा गं. जाती फिरवा."

त्यानंतरचे दोन तास माझ्या आयुष्यातले फार सुखाचे तास होते, कारण आता मला माझं काम कळत होतं. अख्खी ज्वारी लवकर शिजत नाही, तिच्या कण्या हव्यात. मी घराघरांना धान्य वाटून दिलं, आणि भर दुपारी सगळ्या वस्तीतून जाती घरघरू लागली. भरडलेल्या कण्या आणि डाळी तिन्ही देगांत पडल्या, माझ्या वांग्यांच्या फोडी त्यातच गेल्या, वर फोडणी. महेबूब मोठं उलथणं घेऊन घामाघूम होत ढवळत होता आणि आजोबांशी उर्दूत गप्पा मारत होता. पुऱ्या मी दात नसलेल्या म्हाताऱ्यांसाठी आणि आजाऱ्यांसाठी बाजूला काढल्या, वरणात बुडवून खाता येतील म्हणून. बुंदी लेकरांना. आधी पाद्रीसाहेब आणि लेकरांची पंगत, मग बाप्यांची, मग बायांची, अशी मी व्यवस्था लावली. पण पहिल्या पंगतीतच आत्याबाईंनी ती मोडली. महेबूब सगळ्यात शेवटी बसतो म्हणत होता. त्यांनी त्याला हाताला धरून पाद्रीसाहेबांशेजारी बसवलं आणि म्हणाल्या, "तुज्या देगी, तू शेवटी कसा? गप बस." तो बसला. वस्तीतल्या एका पोराने त्याच्या पत्रावळीवर आपली अर्धी बुंदी ठेवली. त्याने ती आधी डोळ्यांना लावली.

पाच भाकरी आणि दोन मासे यांची गोष्ट तुम्ही संडे स्कूलमध्ये ऐकलेली आहे. आमच्या जेवणाची तिच्याशी तुलना मी करणार नाही. बैलाचे पाय दुखतात, उरूस संपल्यावर देगा परत जातात, आणि परक्याच्या रीती न समजून माणसं चुकतात. यातली प्रत्येक गोष्ट साधी आहे आणि तिचं कारण सांगता येतं. पण त्या सगळ्या एकाच सकाळी आमच्याच लिंबाखाली का आल्या, याचं कारण मला माहीत नाही, आणि आता मी ते शोधत नाही. मी फक्त सांगते की मी आमेन न म्हणता मागितलेलं होतं.

नंतर बऱ्याच वर्षांनी मी आत्याबाईंना विचारलं, "धान्य येईल हे तुम्हाला ठाऊक होतं का?" त्या तेव्हा थकल्या होत्या, माझ्याच घरी सेलूला होत्या. त्यांनी मला वेड्यात काढलं. "मला काय ठावं? पानी ठिवनं माज्या हातात हुतं. ते मी ठिवलं." मी इंग्रजीतून आणि मराठीतून समर्पणावर पुष्कळ वाचलं आहे, चांगली प्रवचनं ऐकली आहेत. या उत्तरापुढे मला अजून कुठे जाता आलेलं नाही.

तुमच्यातली धाकटी परवा फोनवर विचारत होती की तिच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला हॉल किती माणसांचा घ्यावा. बाळ, हॉल मोजूनच घे. खुर्च्या मोजून मांड, म्हाताऱ्यांना दाराजवळ बसव, पाणी हाताशी ठेव. व्यवस्था ही पाहुण्यांवरची मायाच आहे, ती कमी पडू देऊ नकोस. पण न बोलावलेला कुणी लंगडत्या बैलासारखी काही अडचण घेऊन दाराशी आला, तर आता कुठे बसवू म्हणून घाबरू नकोस. प्रभू कधीकधी भांडी अशी पाठवतो.

त्या दिवशी सगळ्या पंगती उठायला ऊन उतरून गेलं. देगांच्या तळाला खरवड उरली होती. आम्ही दोघी सासूसुना तेवढ्या जेवायच्या राहिलो होतो. मी पत्रावळी मांडल्या, पण आत्याबाई बसेनात. चूलबंद आवतन देणाऱ्याने स्वतः घास घेण्याआधी एकदा विचारायचं असतं. त्या वस्तीच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून, आणि त्यांच्या खणखणीत आवाजात त्यांनी हाक दिली.

"कुनी उपाशी ऱ्हायलंय का?"

त्या थांबल्या. मीही हातातलं पाणी तसंच धरून थांबले. एका घरात कुणीतरी हसत होतं, एक लेकरू पेंगुळल्या आवाजात काही बोलत होतं. त्यांनी पुन्हा हाक दिली, वस्तीच्या दुसऱ्या बाजूला तोंड करून. कुणीही ओ दिली नाही. आत्याबाई वळल्या, पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि माझ्याजवळ येऊन बसल्या. मग आम्ही जेवलो. मी सकाळचं राहिलेलं आमेन तेव्हा म्हटलं, आणि तेव्हापासून आजपर्यंत माझ्या प्रार्थनेत मागण्यापेक्षा आभारच जास्त असतात.